कर्नाकची उत्तर भिंत आणि बाजारातला आरसा : लक्सर छायाचित्रणाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, सातारा

गेली सहा वर्षं मी आणि ताई आमच्या भागातल्या वीरगळांचे फोटो काढतोय. पद्धत एकच. अंधार पडल्यावर जायचं आणि दगडाच्या कडेला टॉर्च जवळजवळ टेकवल्यासारखा धरायचा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. कडेनं टाकला की झिजून सपाट झालेला घोडासुद्धा उठून येतो. तेच काम आता इजिप्तला, लक्सरच्या मंदिरांत करायचं ठरलंय. तिथे रात्री कोणी भिंतीपाशी उभं करणार नाही आणि फ्लॅशला मनाई आहे. म्हणजे टॉर्चचं काम सूर्याकडूनच करून घ्यायचं.

ताई निवृत्त चित्रकला-शिक्षिका. नोंदवही तिच्याकडे, कॅमेरा माझ्याकडे, भांडण दोघांकडे.

सगळं इजिप्त पालथं घालायचं नाही, तीनच कामं. पहिलं, कर्नाक या मंदिरातल्या मोठ्या स्तंभमंडपाची बाहेरची उत्तर भिंत, जिच्यावर पहिल्या सेती राजाच्या लढाया कोरल्यात. दुसरं, मेदिनेत हाबू या देवळाची बाहेरची उत्तर भिंत, तिसऱ्या रामसेस राजाची समुद्रातली लढाई. तिसरं, कर्नाकच्या मंडपातला एक खांब चारी बाजूंनी घेऊन कागदासारखा उलगडायचा. वेळ मिळालाच तर अबिडोस आणि एस्ना इथली देवळं.

१५ डिसेंबर

खरेदी. ५० मिमी मॅक्रो लेन्स, वापरलेली, १९,००० रुपये. रंगपट्टी ९,५०० रुपये. एवढ्याशा पुठ्ठ्याला इतके पैसे देताना हात थरथरला, पण वाळूच्या दगडाचा पिवळा रंग सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा दिसतो, पट्टीशिवाय नंतर काही ताळमेळ लागत नाही. कॅमेरा सपाट आहे का ते दाखवणारी पाण्याची छोटी नळी ८० रुपये. वाइड लेन्स मुद्दाम घरी ठेवली. ती भिंत एका फ्रेममध्ये घेते खरी, पण कडेच्या आकृत्या ताणून टाकते आणि मग मोजमापाला तो फोटो कामाचा राहत नाही.

ड्रोन असेल तर घरीच ठेवा. इजिप्तमध्ये परवानगीशिवाय ड्रोनला बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात.

ट्रायपॉडच्या परवानगीसाठी एका एजंटला ६० डॉलर दिले. हे पैसे बुडाले. त्यानं पाठवलेला कागद जाहिरातीच्या शूटिंगसाठीचा अर्ज निघाला, भरलेलासुद्धा नव्हता. स्वतःपुरते, हौशी फोटो काढणाऱ्यानं मधल्या माणसाच्या नादी न लागता तिथल्या तिकीटखिडकीवर आणि पुरातत्त्व खात्याच्या निरीक्षकाला थेट विचारावं. आम्ही शेवटी तेच केलं.

११ जानेवारी २०२५, लक्सर

नाईलच्या पश्चिम काठावर खोली घेतली. इथून मेदिनेत हाबू जवळ. कर्नाक पलीकडच्या काठावर, पण सार्वजनिक फेरीबोट दिवसभर चालू असते आणि तिचं भाडं नाममात्र. एक इजिप्शियन पाउंड आम्हाला साधारण पावणेदोन रुपयांना पडला. सकाळी थंडी चांगलीच असते, स्वेटर लागतो. आम्ही 'इजिप्त म्हणजे ऊन' म्हणून पातळ कपडे आणले होते. पहिली खरेदी म्हणून ताईसाठी शाल घेतली.

बोटीवर तिघांनी 'इंडिया? अमिताभ बच्चन!' केलं. ताई म्हणाली, "ओळखपत्राची गरजच नाही."

१२ जानेवारी, कर्नाक

मंदिर सकाळी ६ ला उघडतं. सव्वासहाला आत. सूर्योदय ६.३५ च्या आसपास. धावतपळत मंडपाला वळसा घालून उत्तरेच्या भिंतीशी पोचलो, ट्रायपॉड (तिकीट वेगळं) उभा केला, आणि उन्हाची वाट पाहत बसलो.

सात वाजले. साडेसात. नऊ. भिंत तशीच राखाडी, सावलीत. दहा वाजता तिथला राखणदार (इथे गफीर म्हणतात) चहा घेऊन आला आणि आकाशाकडे बोट दाखवून म्हणाला, "शम्स? ला." ऊन नाही. मग हातानं मोठा गोल काढून उन्हाळा दाखवला.

घरी अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसलो असतो तर हे कळलं असतं. कर्नाकच्या मुख्य मंदिराचा अक्ष हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सूर्योदयाच्या दिशेनं आहे. मंडपाची उत्तर भिंत त्या अक्षाला समांतर. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत उगवतीचे किरण भिंतीच्या जवळजवळ बरोबरीनं जातात, आणि नंतर सूर्य दक्षिणेकडे सरकून भिंतीच्या मागेच जातो. जानेवारीच्या मध्याला हिशेबानं पहिली काही मिनिटं किरण भिंतीला चाटून जायला हवेत, पण ती शेतांवरच्या धुक्यानं आणि पूर्वेकडच्या पडझडीच्या अवशेषांनी खाल्ली. उरलेला दिवस सावली.

आम्ही जानेवारी निवडला तो हवा चांगली असते म्हणून. पर्यटक तेच करतात. उत्तरेच्या भिंतींसाठी उन्हाळ्यातली सकाळ हवी, जेव्हा सूर्य ईशान्येला उगवतो. तिकिटं मात्र परत होणारी नव्हती.

रिकामे बसण्यापेक्षा सावलीतच सगळी भिंत काढली. भिंतीची लांबी साधारण ५० मीटर, मधे दार. दर फ्रेम आधीच्या फ्रेमवर दोन तृतीयांश चढेल अशी. ३१२ फ्रेम झाल्या. सावलीतला उजेड सारखा असल्यानं रंग आणि जोडणी दोन्हींना उत्तम. पण कोरीवकाम? संध्याकाळी पडद्यावर पाहिलं तर सेतीचा रथ म्हणजे पिवळ्या दगडावरचा पिवळा डाग.

१३ जानेवारी

दिवस विचारात आणि बाजारात गेला. जुन्या काळी इथल्या थडग्यांत रंगवलेली भिंत दाखवायला राखणदार दारात आरसा धरून ऊन आत वळवत, हे वाचलेलं होतं. मग उत्तरेच्या भिंतीवर का नाही? लक्सरच्या बाजारात ४५ बाय ६० सेंमीचा साधा आरसा घेतला, २२० पाउंड. सुतारानं मागून लाकडी चौकट ठोकून दिली, ९० पाउंड. भारतीय आहोत कळल्यावर त्यानंही बच्चनची आठवण काढली आणि दहा पाउंड कमी केले.

निरीक्षकसाहेबांना (मुफत्तिश) भेटून विचारलं. भिंतीला हात लागणार नाही, फ्लॅश नाही, फक्त आरसा. ते बराच वेळ आरशाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, सकाळी गर्दी नसताना, गफीर सोबत असेल तर चालेल. बक्षिशाचा विषय निघणार हे गृहीत धरा. शब्द आपलाच आहे, फक्त इथे तो काम झाल्यावरच नाही तर आधीही देतात.

१४ जानेवारी, मेदिनेत हाबू

ताईनं मुद्दाम आजचा दिवस या देवळासाठी ठेवला: संक्रांत. "सूर्य उत्तरेला निघाला, तुझ्या भिंतीपाशी पोचेल एप्रिलात," असं म्हणून तिळगूळ हातावर ठेवला. गफिरालाही दिला. त्यानं तो कागदात बांधून मुलीसाठी नेला.

त्याआधीची चूक: पहाटे थेट देवळाच्या दाराशी गेलो. तिथे तिकीट मिळत नाही. पश्चिम काठावरच्या या देवळाचं तिकीट मेम्नॉनच्या दोन पुतळ्यांजवळच्या तिकीट कचेरीत आधी काढायचं. टॅक्सीनं परत, पुन्हा पुढे, पाऊण तास गेला. आणि इथे पाऊण तास म्हणजे फार झाला, कारण ही भिंत कर्नाकसारखी नाही. हे देऊळ आग्नेयेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ज्याला सगळे 'उत्तर भिंत' म्हणतात ती खरं तर ईशान्येकडे पाहते. हिवाळ्यातही उगवल्यापासून पहिले दोन-अडीच तास ऊन तिला तिरपं, कडेनं चाटत जातं. आमच्या टॉर्चचा कोन तोच.

उरल्या वेळात जे दिसलं त्यानं कर्नाकचा राग निघून गेला. समुद्रातली लढाई: उलटलेली जहाजं, पिसांसारखी टोपी घातलेले शत्रू पाण्यात पडताहेत, काठावरून रामसेस बाण सोडतोय. सपाट उन्हात ही भिंत म्हणजे माणसांची खिचडी दिसते, कोणाचा हात कोणाचा पाय कळत नाही. तिरप्या उन्हात प्रत्येक माणूस सुटा झाला. या राजाच्या कारागिरांनी इतकं खोल कोरलंय की काही अक्षरांत तळवा मावेल. त्याचाही त्रास आहे: आठनंतर सावल्या इतक्या लांब पडतात की खोल अक्षराचं तळच दिसत नाही, काळा खड्डा. त्याआधी, ऊन जरा कमी तिरपं असताना, आतले बारकावे दिसत होते. म्हणून एकच भिंत दोनदा: आधी खोल अक्षरांसाठी, मग उथळ रेषांसाठी.

नऊ वाजायच्या सुमाराला ऊन इतकं घासून जायला लागलं की दगडाच्या छिन्नीच्या खुणाच जास्त दिसू लागल्या. थांबलो. तोवर १४० फ्रेम.

१५ जानेवारी, पुन्हा कर्नाक, आरसा पहिला दिवस

फसला. कसा ते नीट लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाचा दिवस वाचेल.

कल्पना अशी होती की भिंतीच्या पूर्व टोकापलीकडे जिथे ऊन आहे तिथे ताई आरसा धरेल, झोत भिंतीच्या लांबीनं कडेनं सोडेल, मी कॅमेऱ्यावर उजेड कमी करणारी काळी एनडी फिल्टर लावून १५ सेकंदांचं एक्स्पोजर देईन आणि तेवढ्यात ताई झोत भिंतीवरून झाडू मारल्यासारखा फिरवेल. अंधाऱ्या खोलीत हे सुंदर चालतं. इथे सावली असली तरी ती उघड्या आकाशाची सावली, म्हणजे भरपूर उजेड. तिरपा झोत मुळात पसरून पातळ झालेला, त्यात तो प्रत्येक जागी दोन-तीन सेकंदच थांबतो. बाकी बारा सेकंद निळं आकाश भिंत धुऊन काढतं. फोटोत आरशाचा मागमूस नाही.

दुसरं म्हणजे ताईनं आरसा जमिनीवर टेकवला होता, कारण तो जड. झोत खालून वर जात होता. ज्या दोन फ्रेममध्ये थोडं काही दिसलं त्यात सगळं उलटं: आत कोरलेल्या आकृत्या बाहेर आल्यासारख्या. डोळ्याला उजेड वरून येतो याची सवय असते, खालून आला की तो खड्ड्याला उंचवटा समजतो. शिकागो विद्यापीठाच्या लोकांनी १९२४ पासून इथल्या भिंतींची रेखाटनं केली, त्यात उजेड वर डावीकडून धरून सावलीच्या बाजूची रेष जाड काढायचा दंडक आहे. तो दंडक का ते आज कळलं.

तिसरी गोष्ट, झोत थांबत नाही. आरसा घट्ट धरला तरी सूर्य सरकतो, आणि वीस मीटरवर तिरप्या भिंतीवर तो ठिपका मिनिटाला वीतभर पुढे जातो. ताई दर अर्ध्या मिनिटाला 'सरकला' म्हणून ओरडत होती.

आणि वाऱ्यात लेन्स बदलली. सेन्सरवर वाळूचे सात ठिपके, ११० फ्रेममध्ये.

१६ जानेवारी

विश्रांती म्हणून फाईली लावायला बसलो आणि ताईनं पकडलं. तिच्या वहीत मेदिनेत हाबूची पहिली फ्रेम ७.२०, कॅमेऱ्यात १०.५०. कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहिलेलं! साडेतीन तासांचा फरक. पुढे कोणी या फोटोंवरून सूर्याचा कोन काढला असता तर सगळं चुकलं असतं. सगळ्या फाईलींची वेळ साडेतीन तास मागे केली, सोपं आहे, पण वही नसती तर कळलंच नसतं. शहाणपण म्हणून आता रोज पहिली फ्रेम मोबाईलच्या घड्याळाची.

फाईलींना नावंही आजच ठरवली. 'कर्नाक_००३४' असलं नाव सहा महिन्यांनी काहीच सांगत नाही. इजिप्तचा अभ्यासक हॅरल्ड नेल्सन यानं १९४१ साली थीब्जच्या (म्हणजे प्राचीन लक्सरच्या) मंदिरांचे नकाशे छापले, त्यात प्रत्येक दृश्याला क्रमांक आहे. अभ्यासक आजही त्यानंच बोलतात. आमच्या फाईलीत आता मंदिर, नेल्सनचा क्रमांक, तारीख, वेळ, आणि एक अक्षर: ऊ ऊन, सा सावली, आ आरसा.

१७ जानेवारी, आरसा दुसरा दिवस

चाललं.

झाडू मारणं सोडून दिलं. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, एक्स्पोजर हातानं ठरवून कायम, रॉ फाईल (कॅमेऱ्यानं उजेडात फेरफार न केलेली). एक फ्रेम आरशाशिवाय. मग आरशाचा ठिपका एका जागी, फ्रेम. ठिपका थोडा पुढे, फ्रेम. एका दृश्याला सहा-सात ठिपके. संध्याकाळी संगणकावर प्रत्येक ठिपक्याच्या फ्रेममधून आरशाशिवायची फ्रेम वजा केली. आकाशाचा उजेड दोन्हींत सारखा, तो गळून गेला, उरला फक्त आरशाचा तिरपा उजेड. मग ते ठिपके एकत्र जोडले. दिवसाढवळ्या, सावलीतल्या भिंतीवर, रात्री टॉर्च मारल्यासारखा फोटो.

खबरदारी: वजाबाकी रॉ वरून, टोन कर्व्ह (उजेड-अंधाराचं प्रमाण बदलणारी दुरुस्ती) न लावता करायची. पहिल्यांदा जेपीईजी वापरल्या आणि नुसता चुरा मिळाला. दोन फ्रेममध्ये ढग आला, कबूतर उडालं किंवा पर्यटकानं टोपी ठेवली तर ती जोडी फुकट.

आरसा आज जमिनीवर नव्हता. गफिरानं कुठूनशी घडीची शिडी आणली, तिच्या वरच्या पायरीवर चौकट बांधली, झोत थोडा वरून यायला लागला. खालच्या रांगेपुरतं हे ठीक. वरच्या रांगांना तरीही तो खालूनच लागतो, त्यांचा नाद सोडला. गफीर दुपारपर्यंत इतका तरबेज झाला की 'मिराया, मिराया' (आरसा, आरसा) म्हणत ताईला बाजूला करून स्वतःच कोन धरू लागला.

आज खालच्या रांगेतला मगरींचा कालवा मिळाला. सेती कैदी घेऊन इजिप्तच्या सीमेवर परततोय, मधे कालवा, कालव्यात मगरी, पलीकडे फुलं घेऊन उभे असलेले लोक. सावलीत घेतलेल्या फोटोत मगरी जवळजवळ नव्हत्याच. आता प्रत्येकीची शेपटी मोजता येते.

१९ जानेवारी, कर्नाक, खांब

स्तंभमंडपात १३४ खांब. मधले १२ सुमारे २१ मीटर उंच, त्यांना कवेत घ्यायला सहा-सात माणसं लागतील. आम्ही बाजूचा एक ठेंगणा खांब निवडला. काल दुपारी केलेला प्रयत्न वाया गेला होता: भोवती फिरत फोटो घ्यायला चाळीस मिनिटं लागली, तेवढ्यात शेजारच्या खांबाची सावली याच्यावरून चालत गेली आणि फोटो जोडणाऱ्या मेटाशेप या सॉफ्टवेअरनं त्या सावलीची शिवण खांबावर कायमची उमटवली. शिवाय खांब इतके जवळ की मागे सरकायला जागा नाही.

आज दार उघडताच आत. सूर्योदयाआधीचा सपाट उजेड, सावली कुठेच नाही. दर पंधरा अंशांना एक, म्हणजे एका फेरीत २४, अशा तीन उंचींवर ७२ फ्रेम. ट्रायपॉड नाही, हातानं, आयएसओ १६००, थोडा दाणा आला तरी चालेल. पन्नास मिनिटांत संपलं, पहिल्या बसच्या आधी. खांबाच्या अगदी वरच्या भागाला खालूनच फोटो मिळाले, तिथे उलगडलेल्या चित्रात अक्षरं दबलेली आहेत. यावर शिडीशिवाय इलाज नाही, आणि आत शिडीला परवानगी नव्हती.

मंडपात फिरताना डोळ्यांना एक सोपा खेळ आहे. उत्तरेकडचा अर्धा भाग सेतीचा, तिथे आकृत्या पृष्ठभागापासून वर उचललेल्या. दक्षिणेकडचा दुसऱ्या रामसेसचा, तिथे आकृत्या आत खोदलेल्या. आत खोदलेलं काम लवकर होतं आणि पुसून दुसऱ्याचं नाव घालणंही अवघड जातं. रामसेसला दोन्ही बाबतीत रस असावा असा माझा संशय आहे.

२१ जानेवारी, अबिडोस

लक्सरहून टॅक्सीनं तीन तास जायला, तीन यायला. टॅक्सीचे पैसे आणि दिवस दोन्ही जवळजवळ फोटोशिवाय गेले, पण पश्चात्ताप नाही. सेतीचं हे देऊळ चुनखडीचं, आणि उठाव इतका नाजूक की नखाएवढी जाडी. इथे आमचा तिरपा उजेड उलट घात करतो. गालाच्या गोलाईवर कडक सावली पडली की चेहरा म्हातारा दिसतो. छताच्या फटींतून येणारा मऊ उजेड पुरे. एमिस कॅल्व्हर्ली आणि मर्टल ब्रूम या दोघींनी १९३० च्या दशकात इथे वर्षानुवर्षं राहून भिंती रंगांत उतरवल्या. ताई एका कोपऱ्यात बसून पेन्सिलनं एक हात काढत होती, दोन तासांत एकच हात. "कॅमेऱ्याला बोटं किती आहेत ते कळतं, ती कशी वळलीत ते मला कळतं," असं तिचं म्हणणं. मी वाद घातला नाही.

प्रत्येक गाईड आम्हाला 'हेलिकॉप्टर' दाखवायला ओढत होता. छताखालच्या तुळईवर सेतीची बिरुदं कोरलेली, त्यावर गिलावा करून रामसेसची कोरली, पुढे गिलावा पडला आणि दोन्ही अक्षरं एकात एक दिसायला लागली. लोक त्यात हेलिकॉप्टर पाहतात. मीही फोटो काढला, घरचे विचारणारच.

२२ जानेवारी, एस्ना

खनूम देवाचं देऊळ आजच्या रस्त्यापेक्षा ९ मीटर खाली, विहिरीत उतरल्यासारखं. मंडपात २४ खांब. २०१८ पासून इजिप्तच्या मंत्रालयानं आणि ट्यूबिंगेन विद्यापीठानं छतावरची काजळी काढायला घेतली आणि खालून ताजे रंग निघाले. छताचे फोटो घ्यायला ट्रायपॉड नाही, म्हणून सकाळी बाजारात दोन किलो सुकं 'फूल' (इथल्या रोजच्या जेवणातलं वालासारखं कडधान्य, शेंगदाण्याएवढा दाणा) घेऊन ते कापडी पिशवीत भरलं. पिशवी जमिनीवर, तिच्यात कॅमेरा तोंड वर करून रुतवला, सेल्फ टायमर. हलत नाही, सेकंदाचं एक्स्पोजरही स्थिर. खर्च शंभर पाउंडांच्या आत. संध्याकाळी ताईनं त्यातल्या अर्ध्या बिया भिजत घातल्या.

२४ जानेवारी, कर्नाक, शेवटचा दिवस

एका दृश्यासाठी ठेवलेला. सेतीच्या या भिंतीवर काही ठिकाणी राजाजवळ मेही नावाचा एक अधिकारी कोरला होता. नंतर तो पुसून त्याच जागी राजपुत्र रामसेस कोरला, जो पुढे दुसरा रामसेस झाला. मेही कोण होता यावर अभ्यासकांत वाद आहेत. मला फक्त पुसलेल्या रेषा कॅमेऱ्यात येतात का ते पाहायचं होतं.

आरशाचा झोत तीन वेगवेगळ्या बाजूंनी दिला. पूर्वेकडून दिला तेव्हा राजपुत्र. पश्चिमेकडे शिडी नेऊन, ऊन मिळेपर्यंत दुपारी थांबून दिला, तेव्हा आकृतीच्या मागे एक जास्तीची रेष, खांद्यापासून खाली. समोरून दिला तेव्हा दोन्ही गायब. ताईनं तिन्ही वेळा पडद्याकडे न बघता भिंतीकडे बघून रेष काढली आणि नंतर जुळवली.

आम्ही काही शोधलेलं नाही. शिकागोवाल्यांच्या १९८६ च्या रेखाटनात त्या जागच्या रेषा आधीच आहेत. पण एका बाजूचा फोटो काढून मी निघून गेलो असतो तर माझ्या फाईलींत ती नसती, आणि मी ती 'नाही' असंच समजलो असतो.

हिशेब: कर्नाकला सहा दिवस, त्यातले अडीच वाया. एकूण २,१०० फ्रेम, वापरण्याजोग्या ८६०. दोन डिस्कवर प्रती, एक ताईच्या पिशवीत, एक माझ्या. आरसा विमानात घेणार नव्हते. गफिराच्या घरी दिला. त्याच्या मुलीनं तो लगेच भिंतीला टेकवून त्यात तोंड पाहिलं. चौकटीला अजून मंडपातली वाळू लागलेली होती.

९ फेब्रुवारी, सातारा

वाळूचे सात ठिपके ११० फ्रेममधून एकेक करून काढतोय. मगरींचा कालवा जोडून झाला, मेही बाकी आहे. पुढच्या वेळी मे महिन्यात जायचं म्हणतोय. ताई म्हणते, चाळीस अंशांत तू जा, मी वही पाठवते.